टोनचा हप्ता

बास गिटार वाजत असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली, की मात्र सगळे विचारतात, गाण्याला काय झालं? अशा वाद्यासाठी माझ्या भाच्याला दीड लाख रुपये हवे आहेत. पंधरा हजारांची एक त्याच्याकडे आहे. "पण मामा, टोन!" एवढाच त्याचा युक्तिवाद.

पोलादी तार हलते, खालच्या चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज जागी होते आणि ॲम्पकडे निघते. या व्यवहारात लाकडाला किती मत आहे, यावर बासवाले रात्र रात्र भांडतात. शिवाय सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते. मोबाइलच्या स्पीकरला तो सूर झेपत नाही, आणि भाच्याचे सगळे श्रोते मोबाइलवरचे.

1961 साली हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनीलाही फेंडर कंपनीची बास परवडेना. ती शंभरेक पौंडांची. त्याने तीसेक पौंडांत व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर घेतली. तो डावखुरा, ही दोन्हीकडून सारखी, त्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही. म्हणजे निवड केली ती खिशाने आणि आरशाने! बीटल्सच्या सुरुवातीच्या काळात तीच त्याच्या गळ्यात होती. 1972मध्ये ती चोरीला गेली आणि परत मिळाल्याचं 2024 साली जाहीर झालं. टोन स्वस्तातला आहे, असं चोराला तरी वाटलं नसावं.

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन फेंडरच वाजवायचा, हे भाचा अभिमानाने सांगतो. पण जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा, हे सांगताना भाच्याचा आवाज पडतो.

शेवटी भाच्याच्या डोळ्यांवर माझा पंचा बांधला. त्याच्या मित्राने स्वतःची महागडी आणि याची स्वस्त, दोन्ही वाजवल्या. "महाग कुठली?" विचारलं, तर म्हणतो, "मामा, एकदा हातात दे ना!"

हातातला फरक खरा आहे, मला मान्य. महागडीच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचत नाहीत, खुंट्या सैल पडत नाहीत, खरखर कमी. पण तारांची उंची आणि मानेचा बाक चांगला कारागीर थोडक्या पैशांत ठीक करून देतो, आणि मग स्वस्तही शहाण्यासारखी वागते.

सबब, दीड लाखांची मागणी नामंजूर. कारागिराचं बिल मी भरीन, नव्या ॲम्पचे निम्मे पैसेही देईन. खालच्या मजल्यावरच्या काकूंची परवानगी त्याने स्वतः आणावी.