छपराचं छप्पर

गिरणारे सोडून वाघेरा घाट ओलांडला की हरसूलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना एक नवी वास्तुशैली दिसू लागते. चार भिंती विटांच्या. वर सिमेंटचा सपाट स्लॅब. स्लॅबच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी पाइप, पाइपांवर उतरते पत्रे आणि पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड. खालून वर वाचत जावं: हे घर, हे घराचं छप्पर आणि हे छपराचं छप्पर.

पावसापासून वाचायला माणूस स्लॅब घालतो, इथवर कुणालाही कळतं. स्लॅबला पावसापासून कोण वाचवणार, हा प्रश्न पहिल्या आषाढात पडतो. त्याचं उत्तर बाजारात फुटावर विकत मिळतं. एखाद्या स्लॅबवर अजून पत्रे दिसत नसतील, तर घर नवं आहे किंवा घरधन्याचे पैसे संपले आहेत, एवढंच समजावं.

सरकारी योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या पट्ट्यात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत होतो. गुणाकार केला तर एका घरकुलाच्या डोक्यावर एका पावसाळ्यात ५०,००० लिटर पाणी येतं. उतरतं छप्पर या पाण्याची विचारपूसही करत नाही, सरळ अंगणात सोडून देतं. सपाट स्लॅब त्याला बसायला पाट मांडतो. शंभर फुटांना एक फूट तरी ढाळ हवा, असं पुस्तक सांगतं. पण पुस्तकातून गवंड्याच्या थापीपर्यंत येताना तो ढाळ हमखास चुलीवरच्या कोपऱ्याकडे वळतो. पाणी निघून जायला ठेवलेला पाइप बुजवायला सागाचं एक पान पुरतं आणि या भागात सागाची पानं कमी नाहीत.

सपाट छपरात मुळात वाईट काही नाही. याच नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला-मालेगावकडे, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथल्या जुन्या माणसांनी धाब्याची घरं बांधली. वर मातीचं सपाट धाबं, त्यावर धान्य वाळवावं, उन्हाळ्यात अंथरूण टाकावं. पश्चिमेकडच्यांनी, म्हणजे पेठ-सुरगाणा-हरसूलच्या लोकांनी, भाताचा पेंढा नाहीतर कौलं घेऊन छप्पर उतरतं केलं आणि वळचण भिंतीच्या पुढे काढली. जिल्हा एकच, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे येईतो पाऊस चौपट होतो, हे त्यांना डोकं भिजल्यामुळे कळलं होतं. आता दोन्हीकडे एकच नकाशा चालतो. नकाशा ज्या संगणकावर निघतो त्याच्यावर पाऊस पडत नाही. २०१६ साली घरकुलाची रक्कम ठरली तेव्हा सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागाला १ लाख ३० हजार, असा फरक मात्र आठवणीनं केला होता. रकमेत डोंगर दिसला, छपरात दिसला नाही.

याचं मूळ ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ या सरकारी वर्गवारीत आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत घरोघरी जाऊन भिंती आणि छपरं तपासली गेली. गवत, बांबू, माती, न भाजलेली वीट हे सगळं कच्चं. हातानं घडवलेलं कौल कच्चं, यंत्रातून निघालेलं कौल पक्कं. जस्ताचा पत्राही पक्का. म्हणजे कुंभारानं घडवलेलं नळीचं कौल आजोबांच्या डोक्यावर टिकून नातवाच्या डोक्यावर आलं तरी कच्चंच. मंगळुरी कौलाचा कारखाना युरोपीय मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात काढला, त्या पुण्याईवर ते पक्क्यात बसलं. कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणामातीनं लिंपलेला, अर्थातच कच्चा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा तिचे जांभळे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. तिच्या काठ्यांवर इथल्या घरांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या, याला मात्र बातमीमूल्य नाही.

आता या पत्र्यावाल्या घराकडे जरा नीट पाहावं. वर उतरतं छप्पर. त्याखाली चारही बाजूंनी वारा खेळेल अशी मोकळी जागा. त्या जागेत नागलीची पोती, भाताचा पेंढा, पावसाळ्यासाठी रचलेलं सरपण, एक मोडका नांगर आणि वाळत घातलेल्या गोधड्या. त्याखाली माणसं. हे घर कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं आणि वाटणारच, कारण हे आजोबांचंच घर आहे. त्यालाही उतरतं छप्पर होतं, छपराखाली माळा होता, माळ्यावर नागली, सरपण आणि तेव्हा धड असलेला तोच नांगर होता. आजोबांचा माळा बांबूचा आणि मातीचा होता, नातवाचा साडेसात टनांचा आहे. पाच इंची स्लॅब, २५ चौरस मीटर. हिशोब कुणीही करून पाहावा. सरपण ठेवायला इतका भक्कम माळा राजेरजवाड्यांनीही बांधला नसेल. त्यात सळई आहे, खडी आहे, सेंट्रिंगच्या फळ्यांचं भाडं आहे, मिक्सरचं भाडं आहे, स्लॅबच्या दिवशी पंचवीस माणसांना घातलेलं जेवण आहे आणि हप्ता वेळेवर न आल्यामुळे काढलेलं कर्जही आहे. सरकारी भाषेत सांगायचं तर स्लॅबची बदली झाली आहे; छप्पर या पदावरून माळा या पदावर, वेतनश्रेणी तीच. या माळ्यावर चढायची शिडी तेवढी आजोबांच्या काळातली आहे, कारण जिन्याचे पैसे कुणीच धरले नव्हते. आणि गंमत अशी, की पत्रे चढल्यावर घर खरोखरच सुधारतं. मे महिन्यात दिवसभर ऊन प्यायलेला उघडा स्लॅब संध्याकाळी ते खाली ओकू लागतो आणि माणसं घर सोडून अंगणात झोपतात. पत्र्यानं सावली धरली, मधून वारा वाहिला, की स्लॅब तापत नाही. पावसाचा पत्र्यावरचा कानठळ्या बसवणारा आवाजही खाली पोचत नाही. उष्ण आणि पावसाळी मुलखासाठी दुहेरी हवेशीर छप्पर उत्तम, असं वास्तुकलेच्या वर्गात शिकवतात. हरसूलचा शेतकरी ते शिकला. फक्त फी दोनदा भरली.

यात तो एकटा नाही. केरळात आणि गोव्यात चांगल्या घरांच्या गच्च्यांवरही पत्र्याच्या टोप्या आहेत. मुंबईत तर जून आला की इमारतीच्या इमारती निळी ताडपत्री पांघरतात आणि गच्चीवर पावसाळी शेड घालायची तर रीतसर परवानगी लागते. म्हणजे गळकी गच्ची बांधायला परवानगी, ती झाकायला वेगळी परवानगी.

इथवर हसून घेता येतं. स्लॅब पडतो केव्हा, एवढं विचारलं की हसू ओसरतं.

पावसाआधी घर झाकायचं म्हणून तो एप्रिल-मेमध्ये पडतो. ताज्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी पाजावं लागतं, ऊन कडक असेल तर दहा. स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवा, असं सांगून गवंडी पुढच्या कामावर जातो. २५ चौरस मीटरवर दोन इंच पाणी उभं करायचं तर सव्वा हजार लिटर लागतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ऐंशीच्या वर हंडे. शिवाय उन्हानं उडेल तेवढं रोज वरून. आणि हा मे महिना कुठला? जिथं श्रावणात ओहोळ रस्त्यावरून वाहतात आणि होळी उलटली की विहिरी तळ दाखवतात, तिथला. जिथं टँकर आला तर आंघोळ, नाही आला तर नाही, तिथला. जिथं बाया विहिरीत उतरून, झऱ्याला वाटी लावून हंडा भरतात आणि तो डोक्यावर घेऊन चढ चढतात, तिथला. त्या बाईनं तो हंडा लेकरांना द्यायचा, गुरांना द्यायचा की स्लॅबला? सिमेंटची पोती मोजली जातात, सळईचं वजन होतं, पायापासून छपरापर्यंत प्रत्येक टप्प्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह वर पाठवला जातो. हंडे कुणी मोजत नाही. बाईच्या डोक्यावरून आलेलं पाणी फुकटचं, असं या राज्यात फार पूर्वी ठरून गेलं आहे. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एकाही साहेबाला कोरड्या मुलखात कोरड्या महिन्यात पाणी पिणारं छप्पर घालायला लावणं हा गुन्हा वाटू नये, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी. मग व्हायचं तेच होतं. स्लॅब तहानलेला राहतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात जे पाणी त्याला मिळालं नाही, ते तो जुलैमध्ये त्याच भेगांमधून घरात घेतो. ‘काम कच्चं झालं, पाणी मारलं नाही यांनी,’ असा शेरा मग घरधन्यावरच मारला जातो.

जुन्या घराच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनीही इथं टाळ्या पिटू नयेत. कुडाच्या घरात धूर कोंडतो, वाळवी लागते, साप येतो. दरवर्षी लिंपायचं, दरवर्षी शाकारायचं. वानरं कौलांवर नाचली की एका दुपारी वर्षाची मेहनत खाली येते. सागाचं लाकूड आणायचं तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. हे ज्यानं पन्नास पावसाळे सोसलं, त्याला पक्कं घर हवं असण्यात काहीही चूक नाही. आणि कौलांचं प्रेम शहरात कसं व्यक्त होतं तेही पाहण्यासारखं आहे. धरणाकाठच्या हौशी बंगल्यांवर उतरता स्लॅब ओततात आणि त्यावर सिमेंटनं कौलं चिकटवतात. ती कौलं एक थेंबही अडवत नाहीत, त्यांच्या खालून हवा जात नाही. ती केवळ फोटोत येतात. गरिबाच्या स्लॅबवर पत्रा आणि श्रीमंताच्या स्लॅबवर कौल. त्यातला पत्रा निदान कामाला तरी लागतो.

मग स्लॅबच हवा, असं म्हणतं कोण? नियम म्हणत नाही. यंत्राची कौलं आणि पत्रे दोन्ही पक्क्यात धरले आहेत. उलट स्थानिक हवामान आणि साहित्य पाहून घरांचे निरनिराळे आराखडे लाभार्थ्यापुढे ठेवावेत, असंच योजनेच्या नियमावलीत लिहिलं आहे. ते आराखडे बहुधा एखाद्या कपाटात असावेत. कपाट लोखंडी असेल, म्हणून ते भिजले नसतील.

स्लॅब म्हणतो तो सेंट्रिंगवाला, कारण फळ्या त्याच्या आहेत. स्लॅब म्हणतो तो नकाशावाला, कारण त्याच्याकडे एकच नकाशा आहे. स्लॅब म्हणतात ते सोयरे, कारण मुलीला स्थळ पाहायला आलेला माणूस आधी वर बघतो. ‘स्लॅबचं घर आहे ना?’ ‘आहे, मामा.’ ‘मग वर पत्रे कशाला?’ ‘ते… पुढं मजला चढवायचाय.’ त्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षं उभ्या असतात. त्यांच्यातून पाणी झिरपतं, गंज उतरतो आणि मजला काही येत नाही. पैसे पत्र्यात गेलेले असतात.

मागणी फार मोठी नाही. पाऊस दोन हजार मिलिमीटरचा असेल, तर मंजुरीच्या पहिल्याच भेटीत उतरत्या छपराचा एक तरी नकाशा घरधन्याच्या, आणि त्याच्याइतकाच घरधनिणीच्या, हातात पडावा. तीस अंशांच्या आसपास ढाळ, यंत्राची कौलं किंवा खाली बांबूचं अस्तर लावलेला पत्रा, वळचण भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे, माथ्याजवळ गरम हवा निघायला वाट आणि नागलीसाठी लाकडी किंवा बांबूचा माळा. स्लॅबची सळई-खडी वाचेल; तो पैसा जोत्यात, भिंतीत आणि जमलं तर छपरावरचं पाणी धरून ठेवणाऱ्या टाकीत घालावा. ५०,००० लिटरमधलं दहा हजार लिटर पाणी अडलं तरी होळीनंतरचे काही आठवडे निभावतील. यासाठी नवी योजना नको, नवा शासन निर्णय नको, कपाटाची किल्ली हवी. ती ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया मृगाच्या आधी शोधावी. मृग नक्षत्र साधारण ७ जूनला लागतं.