पहिलटकर

फँटसी फुटबॉलच्या प्रत्येक लीगमध्ये एक पहिलटकर असतो. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागला की वर्ष जिंकलं, अशी त्याची श्रद्धा असते. नाही लागला, तर वर्ष हरण्याचं कारण त्याच्याकडे ऑगस्टमध्येच तयार असतं. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा बारा मराठी घरांच्या लीगमधला पहिलटकर एका बँकेत डेटाबेस सांभाळतो आणि पटेलांच्या दुकानात कोथिंबिरीची जुडीसुद्धा चारदा उलटून-पालटून घेतो. हिशेबाला पक्का माणूस. फक्त या एका बाबतीत त्याचा हिशेब सुटतो.

खेळ तसा सोपा आहे. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपण आपापल्या कागदी संघात घ्यायचे, आणि ते रविवारी मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. बॉल घेऊन दहा यार्ड पळाला की एक गुण, टचडाऊनला सहा. ड्रीम इलेव्हनमध्ये कोहली लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे एक खेळाडू लीगमध्ये एकाच्याच पदरात पडतो. म्हणून कोण आधी निवडणार याला महत्त्व. पण ही निवड नागमोडी चालते. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलट बारा ते एक. ज्याचा पहिला नंबर, त्याची पुढची पाळी थेट चोविसावी. मधल्या मधे बावीस चांगली नावं लोकांनी उचललेली असतात. शेवटच्याला मात्र बारावा आणि तेरावा असे दोघे लागोपाठ मिळतात. म्हणजे ज्याला आधी वाढलं त्याने नंतर थांबायचं, इतकी सरळ वाटणी. पहिलटकराला ती मान्य नाही. त्याच्या लेखी पहिली फेरी म्हणजे निवड, आणि उरलेल्या चौदा फेऱ्या म्हणजे आभारप्रदर्शन.

चिठ्ठ्या काढायचा कार्यक्रम आमच्याकडे ऑगस्टच्या अखेरच्या एका रविवारी, बटाटेवडे झाल्यावर असतो. पोळ्यांचा स्टीलचा डबा, त्यात बारा घड्या, आणि हात घालायला कुणाचं तरी पाच वर्षांचं पोर. सातवा-आठवा नंबर आला की पहिलटकर अभ्यासू होतो. मग त्याला रिचर्ड थेलर आठवतो. नोबेल मिळालेल्या या अर्थशास्त्रज्ञाने केड मॅसीबरोबर दाखवून दिलंय, की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचे संघ ड्राफ्टमधल्या वरच्या नंबरांसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात. "नोबेलवाला सांगतोय, पहिला नंबर ओव्हररेटेड आहे," असं तो वडा संपवता संपवता ऐकवतो. थेलरचा हिशेब खऱ्या संघांच्या खऱ्या पगारांचा आहे, आपल्या कागदी संघात कुणालाच पगार नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तत्त्व तेच."

2024 साली पोराने पहिलं नाव पहिलटकराचंच काढलं. थेलर त्या क्षणी निवृत्त झाला. पहिलटकराने पोराला वीस डॉलर दिले आणि बायकोला फोन लावला. ती त्याच घरात, स्वयंपाकघरात, चटणी वाढत होती.

त्याने अर्थातच ख्रिश्चन मकॅफ्रीला घेतलं. सगळ्या देशानेच घेतलं असतं. आदल्या हंगामात या माणसाने एकवीस टचडाऊन केले होते. फक्त ऑगस्टभर त्याची पोटरी दुखत होती. फिलाडेल्फियाचा साक्वान बार्कली पहिल्या फेरीच्या शेपटाला शिल्लक होता, पण तो पहिलटकराच्या लाडक्या जायंट्स संघाला सोडून शेजारच्या शत्रूकडे गेलेला, म्हणून त्याचं नावच काढायचं नाही. शुक्रवारी, 6 सप्टेंबरला, बार्कलीने ब्राझीलमध्ये साओ पावलोला तीन टचडाऊन केले. शनिवारी गणपती बसले. आरतीच्या वेळी पहिलटकराचा एक हात टाळीला आणि एक हात खिशातल्या फोनला होता. 'दर्शनमात्रे'पर्यंत येईतो मकॅफ्री खेळणार असं कुणीतरी लिहिल्याचं त्याला दिसलं आणि आवाज चढला. सोमवारी रात्री सामना सुरू व्हायला तासदीड तास राहिला असताना बातमी आली की मकॅफ्री खेळत नाही. पहिलटकराचे बाकीचे सगळे रविवारी खेळून मोकळे झाले होते. बदली द्यायला कोणीच नाही. पहिल्या नंबरच्या खेळाडूपुढे शून्य. त्या जागी जॉर्डन मेसन नावाचा, ड्राफ्टच्या दिवशी कुणी ढुंकून न पाहिलेला गडी अठ्ठावीस वेळा बॉल घेऊन पळाला आणि 147 यार्ड काढून गेला. तो मेसन आमच्या लीगमधल्या एका वहिनींनी शनिवारीच, मोदकांना पाणी उकळेपर्यंत, उरलेल्यांतून फुकटात उचलून ठेवला होता.

यात नवल काही नव्हतं; वरच्या नंबरांवर घेतलेल्यांचं असं आधीही झालं होतं. 2017 मध्ये डेव्हिड जॉन्सन पहिल्याच सामन्यात मनगट दुखावून वर्षभर घरी बसला. 2018 मध्ये लेव्हियॉन बेल पैशांवरून रुसला, तो हंगाम संपेपर्यंत फिरकलाच नाही. 2020 मध्ये हाच मकॅफ्री तीन सामने खेळला. जो माणूस दर रविवारी वीस-पंचवीस वेळा शंभर-सव्वाशे किलोच्या गड्यांच्या अंगावर धावून जातो, तो मोडणार नाही ही अपेक्षाच मोठी. उलट 2023 मध्ये पुका नाकुआ नावाचा पोरगा बहुतेक लीगमध्ये कुणी घेतलाच नव्हता. त्याने नवख्यांचे विक्रम मोडले.

तरीही मी पहिलटकराच्या बाजूने थोडं बोलेन. वरची नावं उगाच वर नसतात. 2019 आणि 2023 मध्ये मकॅफ्रीने अनेकांना लीग जिंकून दिली. अडचण एवढीच, की पहिल्या नंबरच्या खेळाडूने कमाल केली तरी ती अपेक्षेइतकीच होते. त्याच्याकडून वर काही मिळायला जागाच नाही. नाकुआसारखा फुकटचा माणूस जे देतो तो सगळा नफा. हे गणित पहिलटकराला ड्राफ्टच्या दिवशी कळलं नाही तरी चालण्यासारखं आहे. त्याचं खरं नुकसान नंतर होतं.

पहिल्या फेरीतला खेळाडू म्हणजे घरचा जावई. तो आजारी असला तरी पंगतीत पाट त्याचाच. न जेवता उठला तरी 'आज जरा तब्येत बरी नव्हती'. नवव्या फेरीतला बिचारा राबतोय, गुण आणतोय, तरी त्याला बाकावर बसवायचं, कारण तो नवव्या फेरीतला. पहिलटकराने 2024 मध्ये मकॅफ्रीला संघातून काढलं नाही. नोव्हेंबरात तो परतल्यावर ऑफिसात पेढे वाटले. चौथ्याच सामन्यात बफेलोच्या बर्फात मकॅफ्रीचा गुडघा गेला. बँकेत मोडीत काढलेल्या सर्व्हरवर अश्रू न ढाळणारा हा माणूस त्या रात्री जेवला नाही. हे वेड त्याच्या एकट्याचं नाही, एवढं तरी त्याला सांगायला हवं. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1995 मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएचा अभ्यास केला, तेव्हा ड्राफ्टमध्ये वर निवडलेल्यांना, खेळ तेवढाच असूनही, मैदानावर जास्त मिनिटं मिळतात आणि संघ त्यांना जास्त वर्षं सांभाळतात असं दिसलं. तिथे तर पगारी प्रशिक्षक होते.

या वेडाचं घराणंही जुनं आहे. फँटसी फुटबॉलचा खेळ 1962 मध्ये ओकलंड रेडर्स संघाच्या बिल विंकनबॅक यांच्या डोक्यातून निघाला, आणि पुढच्या वर्षी पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सगळ्यांत पहिलं नाव घेतलं गेलं जॉर्ज ब्लांडाचं. आदल्या हंगामात ब्लांडाने बेचाळीस वेळा बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला होता. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. जिम ब्राऊन मागे राहिला, आणि त्याने त्या वर्षी 1863 यार्ड पळून दाखवले. म्हणजे पहिलटकराचा मूळपुरुषही पहिल्याच नंबरला फसला.

2024 च्याच ऑक्टोबरात, मकॅफ्री अजून घरीच असताना, आमच्या पहिलटकराने व्यवहार करायचं ठरवलं. ग्रुपवर न लिहिता त्याने दिवाळी फराळाच्या यादीचं निमित्त काढून वहिनींना फोन केला. चकलीवरून मेसनवर यायला त्याला पाऊण मिनिट लागलं.

"वहिनी, देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू देतोय तुम्हाला. असा परत मिळायचा नाही. बदल्यात तुमचा तो मेसन द्या, आणि एखादा बरासा रिसीव्हर."

"स्थळ चांगलं आहे हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पण मुलगा मांडवापर्यंत चालत येईल का?"