जीर्ण संगणकाचा जीर्णोद्धार : हौशी इसमांस सूचना

माळ्यावर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेला कोअर टू ड्युओ जातीचा (ही जात २००६ साली अवतरली) संगणक खाली उतरवून त्यावर फावल्या वेळी प्रोग्रॅम लिहिण्याचा ज्यांनी संकल्प सोडला आहे, त्यांनी प्रथम घरच्या मंडळींची मंजुरी घ्यावी. कारण मजकूर यंत्र भंगारात देण्याची तजवीज बहुधा आधीच मुक्रर झालेली असते.

पुढे वायर काढून पेटी उघडावी आणि मऊ ब्रशाने धूळ झाडावी. आमचे शेजारी अण्णा, ज्यांच्यासाठी वस्तुतः हा सारा खटाटोप, निघालेले स्क्रू कुंकवाच्या डबीत ठेवतात. तेवढे अनुकरणीय आहे. यंत्र सुरू होताना नुसत्याच शिट्ट्या मारीत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने हलकेच पुसाव्यात. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते, आणि मग दुरुस्तीवाल्याचे बिल आठवून जीव हळहळतो. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी मुगाच्या दाण्याएवढीच लावावी.

मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलावा. तो मेला की यंत्र रोज कुठल्यातरी गतवर्षात जागे होते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अद्याप अंमलातच आलेली नाहीत अशा समजुतीने ब्राउझर एकेकास दारातूनच परत पाठवितो.

पॉवर सप्लायची पेटी उघडू नये. वीज तोडल्यावरही आत विद्युद्भार राहतो.

खर्च करावयाचाच तर एसएसडीवर करावा. दुसऱ्या कशानेही इतका फरक पडत नाही. लिनक्स हलके घ्यावे. यंत्र याहूनही जुने, ३२ बिटांचे असेल, तर २०२५ साली आलेल्या डेबियन १३ची आस धरू नये. तिच्यात त्या यंत्रांसाठी इन्स्टॉलरच ठेवलेला नाही.

येथे अण्णांचे प्रकरण उपस्थित होते. दर रविवारी ते आदल्या रविवारचे लिनक्स बरखास्त करून दुसरे रुजू करतात, आणि दोन जीबी रॅममध्ये मनासारखे काम होत नाही, अशी तक्रार आमच्या दप्तरी दाखल करतात. डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली ती २४ केबी स्मृतीच्या पीडीपी-११ वर, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणतो, त्यावर अण्णा म्हणतात, "त्यांना ब्राउझर कुठं उघडायचा होता?" हा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. शिवाय यंत्र अडले की "चल रे बाबा, उठ आता" असे ते इतक्या मायेने म्हणतात की पुढे बोलवत नाही.

प्रोग्रॅम कोणता लिहिणार, हे परवा विचारले. तूर्त एडिटरसाठी टाइप पसंत करण्याचे काम चालू आहे, असे कळले. आणि जाता जाता आमच्या जुन्या लॅपटॉपचे आम्ही काय करणार आहोत, याचीही चौकशी झाली.