दहा मिनिटं थांबला असतात तर...

श्री. ड्रायर-दुरुस्तीवाले साहेब यांस,


तुम्हाला मराठी येत नाही याची पूर्ण खात्री असल्यामुळेच हे पत्र मोकळेपणानं लिहिते आहे. न्यू जर्सीत जानेवारी चालू आहे, आमच्या बेसमेंटमध्ये ओल्या टॉवेलांचा ढीग पडला आहे आणि तुमच्या पावतीवर एवढंच लिहिलं आहे: बिघाड आढळला नाही. न आढळण्याची फी मात्र त्याच संध्याकाळी क्रेडिट कार्डावर आढळली.

‘आठ ते पाचमध्ये कधीही’ येण्याचा शब्द तुम्ही पाळलात. पाचला दहा कमी हीही त्यातलीच वेळ. बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्यात, त्याबद्दलही आभार.

आता मुद्द्याचं. मी फोनवर सांगितलं होतं, दारात सांगितलं, जिना उतरताना सांगितलं: पहिला लोड कडकडीत वाळतो, दुसऱ्यापासून ड्रम नुसता गरगरतो आणि हवा थंडगार. तुम्ही काय केलंत? दिवसभर बंद असलेलं मशीन सुरू केलंत. गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद झाला, फुस्सकन निळी ज्योत आली आणि मीच नळाखाली कपडे भिजवून तक्रार रचल्यासारखं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हिवतापाच्या रोग्याला ताप नसताना तपासून ‘ठणठणीत आहे’ म्हणणारा डॉक्टर आणि तुम्ही, फरक काय?

अहो, गॅसच्या ड्रायरची खरी परीक्षा त्या पहिल्या ज्योतीनंतर असते. इग्नायटर तापतो, त्याची धग शेजारच्या सेन्सरला लागते, सेन्सर आपलं सर्किट तोडतो, मग गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइल्स झडप उघडतात आणि गॅस पेटतो. पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट ज्योत बंद करतो. निवलं की पुन्हा पहिल्यापासून. कॉइल दमलेली असली तर थंड असेपर्यंत इमानानं झडप उघडते, तापली की हात वर करते. मग इग्नायटर लाल होतो, विझतो, ज्योत नाही. पुन्हा लाल, पुन्हा विझतो. तुम्ही गेल्यावर ज्योत बघायच्या भोकाला डोळा लावून मी हेच बघत बसले होते. इग्नायटर लाल होतोय म्हणजे तिथवर वीज पोचते आहे, हे मला कळतं, तुम्हाला कळू नये? मीटर लावलात खरा, पण थंड कॉइलला. आकडा बरोबरच येणार!

मग लिंटवरचं, म्हणजे कपड्यांतून झडणाऱ्या तंतूंवरचं, व्याख्यान. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानं इथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागते, आणि सफाई न करणं हे त्याचं मोठं कारण. मान्य. पण आमची हवा बाहेर सोडणारी चार इंची नळी गेल्याच महिन्यात साफ झाली आहे. आणि नळी तुंबून थर्मल फ्यूज उडाला असता, तर तो आपोआप जुळत नाही, साहेब. मग पहिला लोड कुणी वाळवला, मी फुंकर मारून?

आणि निघताना म्हणालात, मशीन जुनं झालंय, नवं घ्या. मोटर धडधाकट, ड्रम धडधाकट, पट्टा शाबूत. रुसल्या आहेत त्या एवढ्याशा कॉइल्स, ज्या बदलणं तुमच्या डाव्या हातचा मळ. त्यांच्यापायी अख्खं धूड भंगारात घालायचं? लाज वाटत नाही? तोवर कपडे वाळवायचे कुठे? सांगलीहून आई विचारते, ‘अगं, दोरी का बांधत नाहीस?’ बाहेर बर्फ, आणि बर्फ नसेल तेव्हा वसाहतीचा नियम: अंगणात कपडे दिसता कामा नयेत.

तरी एक सांगते. तुम्ही होतात तेवढा वेळ तुमचा फोन सारखा थरथरत होता आणि दर वेळी त्यावर पुढच्या घराचा पत्ता उमटत होता. उठताना गुडघा धरलात, तेही पाहिलं. दिवसभरात किती घरं उरकली हे कुणीतरी मोजत असणार, आणि मशीन तापेपर्यंत स्वस्थ बसणाऱ्या माणसासाठी त्या तक्त्यात रकाना नसणार. ती फीही काही तुमच्या खिशात गेली नसेल. तेव्हा वर जी लाज काढली, ती तुमचं वेळापत्रक आखणाऱ्याची समजा. तुमची अर्धीच.

गुरुवारी पुन्हा कुणीतरी येणार आहे, पुन्हा आठ ते पाच. तुम्हीच आलात तर सकाळपासून एकामागून एक लोड लावून मशीन तापवून ठेवलेलं असेल. स्टूल मांडते, चहा देते. फोन तेवढा वर, जिन्यापाशी ठेवून या.