सरांचे नाव राहिलेच!

१९७५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भारदस्त नियतकालिकात घन हेलियम-३ वर एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोन: अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन आणि एफ. डी. सी. विलर्ड. यांपैकी विलर्ड हे हेदरिंग्टन यांचे सयामी बोके होते. हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या निबंधात जागोजागी ‘आम्ही’ घातले होते. एकट्या लेखकाचे ‘आम्ही’ संपादकांना चालणार नाही, असे एका सहकाऱ्याने सांगितले. सगळा मजकूर पुन्हा टाइप करण्यापेक्षा घरातला बोका लेखक करणे सोपे होते. विलर्ड यांनी संशोधनात काही केले नाही, हे खरे. पण त्यांनी कुणाची पदोन्नती अडवली नाही, की कुणाला घरची भाजी आणायला पिटाळले नाही. इतके निरुपद्रवी सहलेखक विद्यापीठांत विरळाच.

त्याआधी, १९४८ मध्ये, जॉर्ज गॅमॉव आणि त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी विश्वारंभी मूलद्रव्ये कशी घडली, यावर निबंध सिद्ध केला. आल्फर म्हणजे अल्फा, गॅमॉव म्हणजे गॅमा. मधला बीटा तेवढा कमी पडत होता. गॅमॉव यांनी हान्स बेथे यांचे नाव मध्ये बसवून टाकले. बेथे यांनी त्या कामात इकडची काडी तिकडे केली नव्हती. विनोद झकास जमला, पावती मात्र आल्फरच्या नावाने फाटली: दोन नामवंतांच्या शेजारी नवख्या पोराला श्रेय कोण देणार?

केंब्रिजमध्ये १९६७ साली पल्सार या प्रकारच्या ताऱ्याचा संकेत प्रथम टिपला तो संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांनी. १९७४ चे नोबेल त्यांचे गाइड अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. तिथे तर विनोदही नव्हता.

आपल्याकडे नावे जोडण्याच्या या परंपरेला गणिताचे अधिष्ठान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार निबंधाचे दोन लेखक असतील, तर प्रत्येकाला बढतीसाठी ७० टक्के गुण. त्याहून जास्त असतील, तर प्रमुखाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे एकट्याने लिहिला तर १००, दोघांनी लिहिला तर १४०, पाच जणांनी लिहिला तर १९०. एक शब्दही न वाढवता निबंध जवळजवळ दुप्पट! दामदुप्पट योजना चालवणारे तुरुंगात जातात. इथे प्रोफेसर होता येते.

साहजिकच निबंध पुरा होत आला, की विभागात आपुलकीला भरती येते. “सरांचे नाव टाकलेस ना?” असे कुणीतरी मायेने विचारते. मग विभागप्रमुखांचे राहिले म्हणून ते, आणि उपकरण त्यांच्या कपाटात होते म्हणून मॅडमचे.

विद्यार्थ्याला गाऱ्हाणे सांगायचेच असेल, तर दर सत्रात त्याला संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहता येते. समितीचे निमंत्रक नियमानेच गाइड असतात. हुशार मुलगा ‘अडचणी’च्या रकान्यात ‘नाहीत’ असे लिहितो आणि व्हायवाला येणाऱ्या परीक्षकांना जेवणात गोड काय ठेवायचे, ते विचारायला सरांच्या केबिनकडे वळतो.