मुनीमजींच्या टेबलाखाली दिवाळी

परवा भोकरदनला मिरचीच्या एका आडतीवर गेलो, तर मुनीमजींच्या टेबलाखाली दिवाळी पेटलेली. नवा कॉम्प्युटर. कॅबिनेटला काच, काचेआड सहा पंखे, पंख्यांत दिवे. लाल, हिरवा, निळा, पुन्हा लाल. रॅमच्या पट्ट्यांवरही दिवे. पोतं सोडून माल दाखवावा तसे शेठ म्हणाले, "बत्तीस जीबी!"

"कशाला?"

"मेल उघडंना ना राव."

वरात नाही, गणपती नाही. मेल.

दुकानदारानं नाडी पाहिली होती. आधी रॅम कमी निघाली. मग प्रोसेसर म्हातारा निघाला. एवढा खर्च करताच आहात तर ग्राफिक्स कार्डही टाकून घ्या, मेलमध्ये फोटो येतात ना! येतात खरे. मिरचीच्या नमुन्याचे. तेवढे पाहायला शेठनी असं कार्ड घेतलंय, की ज्यावर पोरं रात्रभर लढाया खेळतात.

शेठनी मेल उघडायला घेतला. दिवे फिरले. चहा सांगितला. दिवे फिरले. चहा आला, पिऊन झाला, पोरगा कप घेऊन गेला. दिवे फिरतच होते.

शेवटी मीच टेबलाखाली शिरलो. आउटलुकचा सगळा संसार पीएसटी नावाच्या एका फायलीत असतो. 2003 च्या आधी ही फाईल 2 जीबीच्या वर गेली की मोडायची. पुढे मर्यादा वाढत 50 जीबी झाली आणि शेठनी ती उद्दिष्ट समजून 41 पर्यंत गाठत आणली. आता एवढ्या ढिगातून मेल शोधायचा, तर फिरत्या हार्डडिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडे पळत राहते. उपाय सोपा, फाईल एसएसडीवर न्यायची. एसएसडी होती की! तिच्यावर विंडोज बसवलेलं. आणि मेलची फाईल? 'डेटा आहे, हात नको लावायला' म्हणून दुकानदारानं जुनी हार्डडिस्क उचलून जशीच्या तशी नव्या काचेत ठेवलेली. जिच्यापायी हा सगळा खर्च झाला, ती एवढी एकच वस्तू जुनी. तिला दिवा नव्हता, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. त्यात आउटलुक 32 बिटचं, त्याचा हात 4 जीबीपलीकडे पोचत नाही. उरलेले 28 जीबी रोषणाईला.

"शेठ, जुने मेल काढून टाका."

"अन् लागले तर?"

हे 'लागले तर' आपल्या प्रत्येक माळ्यावर मांडी घालून बसलंय. 2011 च्या दिवाळीच्या शुभेच्छा कोणाला लागणार आहेत हो? बरं, मेल काढले तरी फाईल लगेच लहान होत नाही, कॉम्पॅक्ट करावी लागते. पोतं रिकामं झालं तरी घडी आपणच घालायची असते.

तेवढ्यात मेल उघडला. एका कार्यालयाचा होता: सोबतचा फॉर्म प्रिंट काढून, सही-शिक्क्यासह, तीन प्रतींत समक्ष आणून द्यावा. अहो, समक्षच बोलवायचं होतं तर मेल कशाला धाडलात? फोन केला असता, गावात दवंडी दिली असती! माणसानं लाखभर रुपये घालून टपाल दोन सेकंदांत आणायचं, मग प्रिंटरची शाई शोधायची, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं, जालन्याची एसटी धरायची आणि तिथे साहेब मीटिंगला. कुठली रॅम टाकली की साहेब लवकर उघडतात, ते सांगा ना एकदा! आमच्या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी सांचीला दान दिलं, त्याचे लेख तिथल्या दगडावर आजही वाचता येतात. त्यांच्याकडे तीन प्रती मागणारं कोणी नव्हतं.

एवढ्यात लाईट गेली. कॅबिनेटचे सहाच्या सहा पंखे डौलात फिरत राहिले. मुनीमजी मात्र टोपीनं वारा घेऊ लागले. "इन्व्हर्टरला लोड झेपंना," शेठ म्हणाले, "म्हणून त्यांचा पंखा काढलाय."