कोथरूडचे साडभाऊ

तुम्हालाही ते भेटलेले असणारच. मलकापूर-बुलढाणा एसटीत खिडकीशी बसलेले असतात. आपण कंडक्टरला 'एक बुलढाणा द्या' एवढंच म्हणतो आणि त्या तीन शब्दांवर त्यांचे कान टवकारतात. "पाव्हणे, बोलण्यावरून इकडचे नाही वाटत. गाव कोनतं?" पुणे म्हणून भागत नाही. पुण्यात कुठं? कोथरूड. मूळचे? वाई. लगेच चेहरा उजळतो. "वाईले आमचे साडभाऊ हायेत!"

काकांचे साडभाऊ सगळीकडे. बदलून आलेल्या तेलुगू बँक मॅनेजरला विजयवाड्यात साडभाऊ सापडला, कुल्फीवाल्या पोराला भिलवाड्यात. लोणारचं सरोवर बघायला आलेल्या एका जर्मन बाईंनाही त्यांनी सोडलं नाही. फ्रँकफर्टला साडभावाचं पोरगं निघालं! मोताळा सुटल्यापासून राजूर घाट चढेपर्यंत मी एकदा हिशेब मांडला: ह्यांच्या सासऱ्यांना कमीत कमी चाळीस मुली असाव्यात. लोणारची उल्का तेवढी वाचली. काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरचा खड्डा पाडून गेली, पण मूळ गाव सांगायला शिल्लक राहिली नाही.

वास्तविक ह्या जिल्ह्याचं स्वतःचं बोलणं तरी कुठं एका गावचं आहे? मलकापूरकडे खानदेश डोकावतो, सिंदखेड राजाला मराठवाडा, खामगावला अस्सल वऱ्हाड. घाटावरचा माणूस घाटाखालच्याला तोंड उघडताच ओळखतो. काकांच्या वडिलांनी तर घराचा उंबरा न ओलांडता राज्यं बदलली: मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ साली मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. आणि गाव विचारायचं आम्हाला!

एकदा चिडून मी उलट विचारलं, "शेगावच्या गजानन महाराजांचं मूळ गाव सांगा बरं." महाराज १८७८ साली शेगावात दिसले, त्याआधीचं कुणालाच ठाऊक नाही. काकांनी आधी हात जोडले. "त्यांले कोन इचारते? ते त इकडचेच."

"आणि मी? मीही इथंच राहतो की."

"तुमी वाईचे."

पुढे त्यांच्या घरी जाणंयेणं झालं. चहा घेता घेता मी काकूंना त्यांच्या बहिणींची खुशाली विचारली. काकू बघतच राहिल्या. "बहिनी? मी त एकलीच लेक. चुलत नाही, मावस नाही."

काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मंग काय झालं? पाव्हण्याले बरं वाटते."

त्यांचा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. पहिल्या दिवशी तो 'काम करून राह्यलो' म्हणाला आणि सगळा हॉल हसला. पुन्हा म्हणून दाखव, म्हणाले. गाव त्यालाही विचारतात. विदर्भ ना, म्हणतात, आणि संत्री मागतात. बुलढाण्याच्या माणसाकडे नागपूरची संत्री! साडभाऊ कुणाचाच निघत नाही. पोरगं हुशार, वर्षभरात माझ्यापेक्षा शुद्ध बोलायला लागलं.

"दिवाळीत आला त असा बोलला, मीच इचारलं," काका हसत म्हणाले, "पाव्हणे, गाव कोनतं?" काकू हसल्या नाहीत.

"मग काय म्हणाला?"

"कोथरूड म्हने."

"अहो काका," मी म्हणालो, "कोथरूडला आमचे साडभाऊ आहेत!"